आर्थर रोडची भीती

प्लेगच्या गोष्टी आमच्या आजीकडे तिच्या सासूकडून आल्या होत्या. गिरगावातल्या चाळीत दिवेलागणीनंतर ती त्या सांगायची. आधी उंदीर पडायचे, मग माणसांच्या काखेत, जांघेत गाठ यायची. कोकणातली माणसं मिळेल त्या बोटीने गावाकडे सुटायची. पण आजीचा आवाज खाली यायचा तो गाठीपाशी नव्हे, हॉस्पिटलपाशी. “आर्थर रोडला नेलेला माणूस घरी यायचा नाही,” ती म्हणे. म्हणून दुखणाईत माणसाला माळ्यावर गोधड्यांच्या आड लपवत, आणि तपासणीवाले आले की बायका दार अडवून उभ्या राहत.

ही नुसती ऐकीव भुताटकी नव्हती. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला आणि पुढच्याच महिन्यात सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. आत माणसं मारतात, अशी आवई उठली होती. मला त्या कामगारांना अडाणी म्हणवत नाही. घरचं माणूस उचलून नेलं जातंय आणि पुढे त्याचं काय होतंय ते कुणी सांगत नाही, तेव्हा भीतीच सगळं सांगू लागते. ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. मार्च 2020 मध्ये मुंबईतले कोरोनाचे सुरुवातीचे रुग्णही तिथेच दाखल झाले.

माझे मामा लालबागचे. गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर पुढे मिळेल ती नोकरी करून निवृत्त झाले. बीपी जुनं, पण रोज पहाटे नरे पार्कला चार फेऱ्या आणि वाटेत ओळखीच्यांशी गप्पा, यावर गाडी ठीक चालली होती. 2020 मध्ये 23 मार्चपासून लोकल बंद, दोन दिवसांनी सगळा देश बंद. मैदानाला कुलूप, चाळीच्या तोंडाशी बांबू. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, दिवसभर टीव्हीवर आकडे. चालणं गेलं, झोप गेली, जेवणात पापड-लोणचं वाढलं. गोळ्या संपल्या तर आणायच्या कुठून, म्हणून मामी बीपीची गोळी अडकित्त्याने अर्धी करायची. अर्धी आज, अर्धी उद्या. कागदाच्या पुडीत उरलेला चुराही ती जपून ठेवायची.

एप्रिलमधल्या एका रात्री मामांच्या छातीवर दडपण आलं, बनियन घामाने भिजलं, डावा हात जड झाला. मामी टॅक्सीचं बघू म्हणाली. मामा म्हणाले, “पित्त उसळलंय.” ओवा झाला, सोडा झाला. पहाटे कळ वाढली तेव्हा खरं कारण बाहेर आलं. “तिथे नेलं की पिशवीत बांधूनच बाहेर काढतात. तोंडसुद्धा बघायला मिळत नाही.” आजीच्याच गोष्टीतलं वाक्य, सव्वाशे वर्षांनी, नव्या कपड्यांत.

हे ऐकताना मला सारखं परळचं केईएम रुग्णालय आठवतं. फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं मानवी हृदयरोपण तिथे केलं. तो रुग्ण काही तासच जगला, पण परळच्या माणसाला त्या धाडसाचा अभिमान आहे. मामाही सांगायचे. आणि हृदयावरच्या उपचारांचं एवढं मोठं ठाणं चालत वीस मिनिटांवर असताना त्यांनी रात्रीच्या रात्र ओव्यावर काढली.

ते एकटे नव्हते. देशातल्या 187 रुग्णालयांची नोंद हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तपासली. 2019 मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्याचे 25,418 रुग्ण दाखल झाले होते. 2020 च्या त्याच तीन महिन्यांत 16,414. पस्तीस टक्के घट. एवढे झटके एकाएकी थांबले, हे मला पटत नाही. किती तरी माणसं घरात पित्त म्हणून बसली असणार. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की पलीकडचा स्नायू तासातासाने मरत जातो. वाहिनी लवकर उघडली तर तो वाचतो. उशिरा उघडली तर माणूस वाचला तरी मेलेला स्नायू परत येत नाही.

मामा तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण हृदयाचं ‘पंपिंग’ कायमचं कमी झालं. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबतात, श्वास येईपर्यंत.

आजीच्या गोष्टींत प्लेगची दुसरी बाजू कधी आलीच नाही. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली, आणि तिथून बाटल्या भरभरून लस गावोगाव गेली. वाचलेल्यांची गोष्ट सांगायला कुणी बसलं नाही, गेलेल्यांची मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालली.

एप्रिल 2021 मध्ये, दुसरी लाट जोरात असताना, शेजारच्या तात्यांना मध्यरात्री असाच घाम फुटला. तेही पित्तच म्हणत होते. मामीने त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. पोरांना उठवलं, तात्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला, नाक्यावर टॅक्सी थांबवली आणि स्वतः पुढच्या सीटवर बसली. तासाभरात उपचार सुरू झाले. तात्या आठवड्यात घरी आले. जिना चढून.