कूटच्या वेढ्यातील मराठा शिपायाचे अन्न

परदेशगमन आणि परान्न यांचा विचार आपल्याकडे बहुधा विलायतेस गेलेल्या सुशिक्षितांच्या प्रवासवर्णनांवरून केला जातो. सातारा-सांगली भागातून पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेलेल्या शिपायाच्या अन्नाकडे मात्र इतिहासकारांचे क्वचितच लक्ष गेले आहे. (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच मोडत असे.) साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले.

डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तैग्रीसकाठच्या कूट-अल्-अमारा येथे जनरल टाउनशेंडच्या सैन्यास वेढा घातला. त्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. जानेवारीअखेर घोड्याचे मांस शिध्यात आले. गोऱ्यांनी ते स्वीकारले. हिंदी शिपायांनी बहुतांशी नाकारले. भाकरीवर वाढलेल्या या माणसांच्या वाट्यास आता प्रामुख्याने जवाचे पीठ आले. अरबांच्या घरांत दडवलेले धान्य झडतीत सापडले, म्हणून तेवढे तरी मिळाले. परिणाम वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पांढऱ्या पिठाच्या पावामुळे गोऱ्यांस बेरीबेरी झाला, पण ताज्या मांसाने ते स्कर्व्हीपासून वाचले. जाड्या पिठाने हिंदी शिपाई बेरीबेरीपासून वाचले, परंतु स्कर्व्हीने खंगले. ते आसपासचा रानपाला खुडून भाजी करीत. त्यातून काहींना विषबाधाही झाली.

टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती तारेने मिळविली. तरीही नकार टिकला. याला निव्वळ धर्मभोळेपणा म्हणणे आम्हांस पटत नाही. मराठ्यास बोकड वर्ज्य नव्हता. प्रश्न शास्त्राचा नव्हे, पंक्तीचा होता. गावी परतल्यावर पंगतीस कोण घेईल, मुलीस स्थळ कोण देईल, याचा निर्णय भाऊबंदांच्या हाती होता. आणि त्यांची तार येणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये, न खाणाऱ्या अंमलदारांच्या जागी खाणारे नेमण्याची ताकीद मिळाली, तेव्हा हजारोंनी एकदमच मांस घेतले. सर्वांनीच खाल्ल्यावर कोणी कोणास वाळीत टाकावे? मात्र तोवर फार उशीर झाला होता.

२९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. तुर्कांनी प्रथम दिली ती दगडासारखी कडक, भरड बिस्किटे. उपाशी पोटांना ती सोसली नाहीत आणि शमरानच्या छावणीत कित्येक जण दगावले. उरलेल्या हिंदी शिपायांपैकी बहुतेकांस रास-अल्-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले.