दप्तर सांभाळणारी माणसं

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1892 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले, तेव्हा ते उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि ते काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांच्यानंतर रा. गो. भांडारकर आले. पुढे चिमणलाल सेटलवाड 1917 ते 1929 इतका दीर्घ काळ त्या पदावर राहिले, तेही वकिली आणि राजकारण सांभाळून. पगारी, पूर्णवेळ कुलगुरू मुंबईला मिळाले ते पन्नाशीच्या दशकात, जॉन मथाई यांच्या रूपाने. मग तोपर्यंत रोज सकाळी विद्यापीठाचं कुलूप उघडून कामाला कोण बसत होतं? रजिस्ट्रार आणि त्याच्या हाताखालची कारकून मंडळी. रजिस्ट्रारला आज आपण कुलसचिव म्हणतो. विद्यापीठांचे इतिहास कुलगुरूंच्या तसबिरींवरून लिहिले जातात. मी तो इतिहास टेबलाच्या या बाजूने पाहिला. पुणे विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि उपकुलसचिव म्हणून निवृत्त झाले.

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. 132 मुलं बसली, 22 पास झाली. 1862 मध्ये रानडे-भांडारकरांची पहिली तुकडी पदवीधर झाली. विद्यापीठाला स्वतःचं सभागृह मिळायला 1874 उजाडलं आणि प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतला राजाबाई टॉवर उभा राहायला 1878. तोवर विद्यापीठ म्हणजे काय होतं? अर्ज, फी, परीक्षकांच्या नेमणुका, गुणांचे तक्ते, निकालाची यादी आणि सभांची इतिवृत्तं. थोडक्यात, एक दप्तर. मुंबईत इमारतीच्या कितीतरी आधी दप्तर आलं, आणि ते चोख राहिलं म्हणूनच त्या पदवीला किंमत आली.

आमच्यावर नेहमी आरोप होतो की आम्ही नियमावर बोट ठेवतो. ठेवतो, आणि ठेवलंच पाहिजे. पण नियमाचं पुढे काय करायचं असतं, हे सांगायला मला कॉर्नेलिया सोराबजींच्या घरची गोष्ट आवडते. त्यांच्या वडिलांनी कॉर्नेलियाच्या थोरल्या बहिणींना मॅट्रिकला बसवण्यासाठी मुंबई विद्यापीठाकडे विचारणा केली, तेव्हा नकार मिळाला. नियमांत परीक्षार्थी पुरुषवाचक होता. शेवटी 1883 मध्ये विद्यापीठाने ठरवलं की नियमांतल्या पुरुषवाचक शब्दांत स्त्रियाही धराव्यात. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. खिडकीवरच्या कारकुनाला नियम मोडता येत नाही. पण ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारलेली फाईल तिथेच बांधून ठेवायची की सभेपुढे न्यायची, हे कार्यालयाच्या हातात असतं. त्या बहिणींची वर्षं मधल्या काळात वाया गेली, याची मला आजही हळहळ वाटते.

पुणे विद्यापीठाचा कायदा 1948 चा, कामाला सुरुवात फेब्रुवारी 1949 ची. बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. सुरुवातीचं कार्यालय भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये होतं. 1 जून 1949 पासून ते गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आलं. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले 12 जिल्हे पुण्याकडे होते. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव एवढे पाच उरले. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि तीन उरले.

ही 1990 ची वाटणी मी पाहिली, तेव्हा मी पात्रता विभागात होते. वर्तमानपत्रात नवं विद्यापीठ म्हणजे उद्घाटन, कुलगुरू, जागा. आमच्याकडे नवं विद्यापीठ म्हणजे फाईली. धुळे-जळगावच्या प्रत्येक कॉलेजची संलग्नतेची नस्ती वेगळी काढायची, पानांना क्रमांक द्यायचे, मूळ कागद कोणता आणि प्रत कोणती ते पाहायचं, यादी करायची, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. निकालांचं दप्तर मात्र फाडून वाटता येत नाही. ज्याने पुण्याची परीक्षा दिली त्याचे गुण पुण्याच्याच लेजरात राहणार. त्यामुळे पुढे वर्षानुवर्षं खानदेशातली माणसं आमच्या खिडकीवर येत राहिली. एकदा शिरपूरकडचे एक निवृत्त शिक्षक आले. पदवी प्रमाणपत्र पुरात गेलेलं, पेन्शनचं प्रकरण अडलेलं. जळगावने सांगितलं पुण्याला जा. नाव, कॉलेज, साल एवढंच त्यांच्या लक्षात होतं, बैठक क्रमांक नव्हता. आमचे दप्तरखान्यातले शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी साल ऐकलं, मार्च की ऑक्टोबर एवढं विचारलं आणि थेट त्या घोडीवरचं, म्हणजे मांडणीवरचं, लेजर उतरवलं. कापडी पुठ्ठा, पानांच्या कडा पिवळ्या, पण शाई स्पष्ट. नाव सापडलं तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘ताई, द्वितीय श्रेणी आहे ना, बघा बरं.’’ होती.

मामांना कोणती घोडी कुठल्या सालाची, हे कोणी लिहून दिलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं त्याच खोलीत काम करून आलं होतं. विद्यापीठाच्या नोकरीत दीर्घ सेवा म्हणजे मी हेच समजते.

मला लिहायला शिकवलं आमच्या कक्षाधिकाऱ्यांनी. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसच्या टायपिंगवर नोकरी मिळालेली, टिपणी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. ते म्हणायचे, ‘‘बाई, टिपणीत ‘असे वाटते’ लिहू नका. आधी काय मागितलंय ते लिहा, मग कलम, मग याआधी असं प्रकरण आलं होतं का आणि तेव्हा काय ठरलं ते. मग मान्यतेस्तव सादर.’’ यातलं तिसरं सगळ्यांत अवघड. आधी काय ठरलं होतं, ते शोधायला जुनी इतिवृत्तं वाचावी लागतात. पुढे मी सभा व दप्तर विभागात गेले, तेव्हा त्या वाचनानेच मला तारलं. कुलसचिव हा अधिसभा, विद्यापरिषद आणि व्यवस्थापन परिषद या तिन्हींचा सचिव. अभिलेख आणि विद्यापीठाची मोहोर त्याच्या ताब्यात. चालू सभेत एखादे सदस्य अचानक विचारतात, ‘‘हे आपण पूर्वी नाकारलं होतं ना?’’ तेव्हा कुलसचिव मागे वळून बघतात, आणि मागे बसलेल्याकडे ठराव क्रमांक तयार असावा लागतो.

या वाटेने माणूस किती वर जाऊ शकतो, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत मोठं उदाहरण एस. आर. डोंगरकेरी यांचं. ते मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते, मग रेक्टर झाले, 1957 मध्ये विद्यापीठाच्या शताब्दीला त्यांनी त्याचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिला. 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू तेच. मराठवाड्यातली कॉलेजं तोवर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. म्हणजे भाषा वेगळी, नियम वेगळे, दप्तर दुसऱ्या राज्यात. अशा ठिकाणी नवं विद्यापीठ उभं करायला शासनाने विद्यापीठाचं कार्यालय आतून-बाहेरून माहीत असलेला माणूस निवडला, हे मला त्या काळाचं शहाणपण वाटतं.

आमच्या पिढीला सेवेची चौकट मिळाली ती 1984 च्या प्रमाण संहितेने. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची भरती, ज्येष्ठता, रजा, शिस्त, सगळं त्यात आलं. आस्थापना विभागात असताना ती संहिता माझ्या टेबलावर कायम उघडी असे. ज्येष्ठता यादीवरून भांडणं होत, संघटनेचे लोक येऊन बसत, पण दोघांच्या हातात एकच पुस्तक असे आणि बोलणं त्या पुस्तकातल्या कलमावर होई. कर्मचाऱ्यांचं नेतृत्व करणं म्हणजे मुख्यतः हेच, की यादी वेळेवर लावायची, हरकती लेखी घ्यायच्या आणि ज्याची पदोन्नती बसते त्याची ती अडवायची नाही.

पुढचं गणित मात्र खालून चढणाऱ्याच्या बाजूचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अर्हतेप्रमाणे कुलसचिवाला पदव्युत्तर पदवीत 55 टक्के हवेत. त्यावर एकतर प्राध्यापकीचा दीर्घ अनुभव, नाहीतर 15 वर्षांचा प्रशासकीय अनुभव आणि त्यातली 8 वर्षं उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावरची. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, सहायक, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, असं एकेक पायरी करत उपकुलसचिवापर्यंत पोचलेल्या माणसाकडे निवृत्तीला आठ वर्षं क्वचितच उरतात. शिवाय 2016 च्या विद्यापीठ कायद्याने कुलसचिवाची मुदत पाच वर्षांची ठेवली आहे. बाहेरून आलेला प्राध्यापक हुशार असतो, मी अशा अनेकांबरोबर आनंदाने काम केलं आहे. पण पहिली दोन वर्षं त्यांना विद्यापीठ कळण्यातच जातात, आणि ते कळवून देणारे कक्षाधिकारी आता निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी अकरा महिन्यांच्या करारावर मुलं येतात, काम शिकतात आणि जातात.

माझं मागणं साधं आहे. रिक्त पदं कायमस्वरूपी भरा, प्रभारी कारभार शक्य तितका कमी करा. उपकुलसचिवपदाची भरती अशा वयात होऊ द्या की आतल्या माणसाला पुढची आठ वर्षं मिळतील. आणि नव्या लिपिकाला, तो संगणकावर कितीही तरबेज असो, पहिले सहा महिने दप्तरखान्यात बसवा, जुनी इतिवृत्तं वाचायला लावा, आणि त्यातल्या एखाद्या जुन्या प्रकरणावर टिपणी लिहून घ्या.