नीलकंठाचा निळा असतो कुठे?

दसऱ्याला नीलकंठ दिसलाच पाहिजे, असं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मानतात. लहानपणी आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून मूलच्या बाहेर, सावलीच्या रस्त्याला न्यायचे. "तो पाह्य बाबू, तारेवर!" तारेवर दिसायचा एक मळकट तपकिरी पक्षी. मग तो उडायचा आणि पंखांतून एकदम दोन निळे फुटायचे, एक फिका आकाशी, एक गडद. (कंठ मात्र निळा नसतोच. नावावर जाऊ नका!)

एकदा मला त्याचं गळलेलं पीस सापडलं. निळी शाई करायची म्हणून मी ते आईच्या खलबत्त्यात कुटलं. आईचा धपाटा मिळाला, आणि हाती आला तपकिरी भुगा. निळा गेला कुठे? याचं उत्तर पुढे नोकरीला लागल्यावर शोधलं, तेव्हा दोनशे वर्षांचा इतिहास सापडला.

तर सुरुवात लंडनमध्ये, १८०१ साली. थॉमस यंग या डॉक्टरने रॉयल सोसायटीत मांडलं की प्रकाश म्हणजे लाटा. तळ्यात दोन दगड टाकून बघा. दोन लाटांचे माथे एकावर एक आले की पाणी जास्त उसळतं, आणि एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर आला की पाणी तिथे शांत. प्रकाशाचंही तसंच. म्हणजे प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार! यालाच व्यतिकरण म्हणतात. १८०३ मध्ये यंगने उन्हाच्या बारीक झोतात एक अरुंद कार्ड आडवं धरलं. त्याच्या सावलीत उजेडाचे पट्टे दिसले, आणि एका बाजूचा प्रकाश अडवताच ते नाहीसे झाले. पण न्यूटनने प्रकाशाला कण मानलं होतं, त्यामुळे यंगची एका त्रैमासिकात यथेच्छ टर उडवली गेली. पुढे फ्रान्समध्ये फ्रेनेलने १८१८ मध्ये भक्कम गणित मांडलं, तेव्हा कुठे वारं फिरलं.

साबणाच्या फुग्याचे, डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग असेच बनतात. मोरपिसाचेही. पण ते रंग कोन बदलला की बदलतात. नीलकंठाचा निळा तसा हलत नाही. म्हणून अशा पिसांबद्दल बराच काळ मानलं गेलं की हे आकाशासारखं विकिरण आहे: बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, बस्स.

याला आव्हान दिलं ते सी. व्ही. रामन यांनी. हो, तेच, ज्यांना विकिरणावरच्या कामासाठी १९३० चं नोबेल मिळालं! (तरुणपणी, १९१० च्या सुमारास, ते सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत आपल्या नागपूरला होते.) १९३४ मध्ये त्यांनी बंगळुरूला स्वतः स्थापन केलेल्या अकादमीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात पक्ष्यांच्या रंगांवर निबंध लिहिला. पक्षी कोणता? नीलकंठ. पीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते म्हणाले, नुसत्या विकिरणाने हे रंग जमत नाहीत, इथे व्यतिकरण आहे. ज्या विषयाने नाव दिलं, तोच इथे अपुरा पडतो हे स्वतःच सांगणं सोपं नसतं.

त्यांचं म्हणणं लगेच सर्वमान्य झालं नाही. १९९८ मध्ये रिचर्ड प्रम आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या कोटिंगा या निळ्या पक्ष्याच्या पिसाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो घेऊन त्यांवर फूरिए विश्लेषण चालवलं. (हो, आपण परीक्षेपुरता घोकलेला तोच फूरिए.) पिसात केराटिनचा स्पंज असतो आणि त्यात हवेची भोकं. ती वरवर अस्ताव्यस्त दिसतात, पण शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर जवळपास ठरलेलं निघालं. त्या अंतरामुळे परतणाऱ्या निळ्या लाटांचे माथे जुळतात आणि बाकीच्या रंगांचे जुळत नाहीत. स्पंज सगळ्या बाजूंनी सारखाच, म्हणून साध्या उजेडात कोन बदलला तरी निळा निळाच राहतो.

आता माझ्या खलबत्त्याचं कळलं ना? निळा रंग पिसात कधी नव्हताच, ती फक्त अंतरं होती. मी ती मोडली, आणि उरला तो मेलॅनिनचा तपकिरी.

२०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालानुसार नीलकंठ देशात बारा वर्षांत तीस टक्क्यांहून जास्त घटले. काही ठिकाणी तर दसऱ्याला पैसे घेऊन दाखवायला त्यांना पकडून पिंजऱ्यात घालतात. गेल्या दसऱ्याला मी सावली रस्त्यावर दोन तास फिरलो. आबा आता नाहीत. शेवटी एक दिसला, तारेवर, तसाच मळकट. तो उडेपर्यंत थांबलो.