झरीचा गवताचा दर

शेतीच्या अर्थशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्रात रुजवण्यात पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचा वाटा मोठा. ती १९३० साली स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. खेड्यात जाऊन शेताचा जमाखर्च मांडायचा, ही तिथली शिस्त.

असाच श्रमाचा हिशेब १९४५ साली झरी परिसरातल्या कष्टकऱ्यांनीही मांडला. झरी हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव तालुक्यात होते. २३ मे १९४५ रोजी तिथे किसान सभेच्या मेळाव्याला सुमारे पाच हजार वारली आदिवासी जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठबिगार नाकारण्याचा आणि रोख बारा आणे रोज मागण्याचा निर्धार झाला. पावसाळा सरताच प्रश्न आला गवताचा. मागणी होती, पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. रोज ठरवला तर काम किती तास चालेल हे जमीनदाराच्या हाती राही. वजनावर दर मागितला की कापणाऱ्याला आपल्या श्रमाची किंमत स्वतः मोजता येई. हिशेब चोख होता, उत्तर मात्र बंदुकीने मिळाले: ११ ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले.

आज याच भागातल्या पदवीधराला कृषी अर्थशास्त्रात एम. एस्सी. करायची, तर कोकणचे कृषी विद्यापीठ दापोलीला आहे. त्याची स्थापना १९७२ची.