पवनीचा स्तूप आणि शयनासनदान

(१)

पवनी हें भंडारा जिल्ह्यांतील, वैनगंगेच्या तीरावरचें प्राचीन नगर होय. एका अंगास नदी व उरलेल्या अंगांस मातीचा तट आणि खंदक, ही त्याची जुनी रचना आजहि ओळखतां येते. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ व भार राजा भगदत्त याचा शिलालेख हे दोन्ही याच गांवीं मिळाले, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ते विद्वानांपुढें आणिले. पुढें १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीनें शां. भा. देव आणि जगत्पति जोशी यांनीं येथें उत्खनन केलें. तेव्हां जगन्नाथ टेकडीच्या पोटांत एक भव्य बौद्ध स्तूप असल्याचें सिद्ध झालें. स्तूपाभोंवतींच्या वेदिकेच्या शिलांवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत दात्यांचे लहान लहान लेख कोरलेले आहेत. अमक्याचें दान, एवढेंच त्यांतील बहुतेकांचें म्हणणें. विसमिता नांवाच्या स्त्रीनें मात्र आपलें दान सर्व सत्त्वांच्या सुखासाठीं होवो, अशी इच्छा त्यांत घातली आहे.

हे लेख शिलांचें दान सांगतात, कारण ते शिलांवरच कोरलेले आहेत. परंतु जेथें स्तूप तेथें भिक्षूंची वस्ती असावयाचीच. आणि वस्ती म्हटली कीं निजावयास व बसावयास कांहीं साधन लागणारच. तें साधन लांकूड, वेळू, गवत व कापड यांचें. वैनगंगेच्या काठच्या दमट मातींत तें दोन हजार वर्षें टिकावें अशी अपेक्षा कोणीहि करणार नाहीं. म्हणून त्या काळच्या दातृत्वाचा जो भाग दगडांत उरला तेवढाच खरा, असें मानण्याची चूक इतिहासाच्या अभ्यासकानें करूं नये. जो भाग कुजून गेला त्याचा शोध ग्रंथांच्या व इतर ठिकाणच्या लेखांच्या साह्यानें घ्यावा, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

(२)

प्रथम शब्दाकडे पाहूं. शयन म्हणजे निजावयाचें साधन व आसन म्हणजे बसावयाचें साधन. या दोहोंचा समाहारद्वंद्व 'शयनासन'. पालींत त्याचें 'सेनासन' झालें. हा शब्द बौद्ध ग्रंथांत केवळ खाट व पाट एवढ्यावरच थांबत नाहीं. राहण्याच्या सबंध जागेसहि तोच लावतात. म्हणजे येथें घराचें नांव भिंतीवरून वा छपरावरून पडलेलें नसून बिछाना व बैठक यांवरून पडलें आहे. ज्या छपराखालीं पाठ टेंकावयास जागा नाहीं त्यास निवारा म्हणतां येत नाहीं, हा विचार त्या शब्दाच्या रचनेंतच आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत सेनासनक्खंधक या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरंभीं भिक्षु झाडाखालीं, डोंगरकपारींत, स्मशानांत व उघड्यावर राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीनें त्यांच्यासाठीं एकाच दिवसांत साठ विहार बांधवून दिले, अशी कथा तेथें येते. परंतु विहार बांधून झाल्यावर अडचणींस सुरुवात झाली. भिक्षु भुईवर निजत, तेव्हां अंग धुळीनें माखे. म्हणून गवताच्या आंथरुणास अनुज्ञा मिळाली. तें उंदरांनीं कुरतडलें; म्हणून 'मिढि' म्हणजे ओटा आला. ओट्यावर अंग दुखूं लागलें. म्हणून 'बिदलमंचक' आला. बिदल म्हणजे संस्कृत विदल, चिरलेल्या वेळूच्या कामट्या. बुरुडाच्या हातचें काम ज्यानें पाहिलें आहे त्यास ही खाट डोळ्यांपुढें आणावयास टीकेची गरज नाहीं. ओट्याचा नमुना पाहणें असेल तर भाज्याच्या विहारांतील खोल्यांतून खडकांतच कोरलेले निजावयाचे ओटे पाहावे.

याच क्रमानें पुढें पीठ, 'भिसि' म्हणजे गादी आणि 'बिंबोहन' म्हणजे उशी यांस मान्यता मिळाली. मात्र प्रत्येकाची मर्यादा ठरली. खाटेचे पाय आठ सुगतांगुलांहून उंच नसावेत. असल्यास कापून टाकावे. गादींत लोंकर, चिंध्या, साल, गवत वा पानें भरावीं. उशी डोक्याच्या मापाची असावी. अंग दुखूं नये इतकें सुख द्यावयाचें, पण ऐश्वर्य मिरवूं द्यावयाचें नाहीं, असें हें धोरण आहे. एवढ्या बारकाईनें खाटेचा विचार करणें कांहींस हास्यास्पद वाटेल. परंतु ज्यानें पावसाळ्यांतील रात्र ओल्या भुईवर काढली आहे त्यास हंसूं येणार नाहीं.

(३)

खरें महत्त्व मात्र पुढील व्यवस्थेस आहे. दिलेली खाट कोणाची? संघाच्या ज्या पांच प्रकारच्या वस्तु कोणासहि देऊन टाकतां येत नाहींत वा वांटून घेतां येत नाहींत, त्यांत आराम व विहार यांच्या जोडीला मंच, पीठ, भिसि व बिंबोहन हा एक सबंध वर्गच सांगितला आहे. जमीन व इमारत जितकी अविभाज्य तितकीच खाटहि अविभाज्य. ती आज येथें असलेल्या भिक्षूंची नव्हे. 'चातुर्दिश संघा'ची, म्हणजे चारी दिशांनीं आलेल्या व पुढें येणाऱ्या सर्वांची. संघाची खाट वा पीठ उघड्यावर मांडून, तें न उचलतां वा कोणास न सांगतां निघून जाणें हा 'पाचित्तिय' दोष ठरविला आहे. देण्यानें काम संपत नाहीं, राखण्यानें तें पुरें होतें, ही जाणीव या नियमामागें स्पष्ट दिसते.

वांटपासाठीं स्वतंत्र अधिकारी असे. मल्लकुळांतील दब्ब हा या कामीं प्रसिद्ध आहे. सूत्रपाठकांस सूत्रपाठकांजवळ, विनयधरांस विनयधरांजवळ, ध्यान करणारांस त्यांच्यासारख्यांजवळ, अशी तो जागा लावून देई; रात्रीं उशिरां आलेल्यासहि स्वतः बरोबर जाऊन ही खाट, हें पीठ, ही गादी, ही उशी, हें पाणी, असें दाखवून देई. तरीहि त्याच्यावर बालंट आलें. मेत्तिय व भुम्मजक यांच्या गटाच्या वांट्यास निकृष्ट जागा आली, तेव्हां त्यांनीं त्याच्यावर दुराचाराचा खोटा आरोप करविला; चौकशीअंतीं तो निर्दोष ठरला. देणारा नांव मिळवितो, वांटणारा शिव्या खातो, हा अनुभव कांहीं आजकालचा नव्हे. दात्यांचीं नांवें दगडांवर आहेत. दब्बासारख्यांचीं ग्रंथांतच शोधावीं लागतात.

विनयाचे हे तपशील पाली परंपरेचे आहेत. निरनिराळ्या निकायांत कांहीं भेद होते. परंतु शयनासन संघाचें असावें, व्यक्तीचें नसावें, हें मूलतत्त्व सर्वांस समान होतें. पवनीच्या विहारांतहि व्यवहार याच धर्तीचा असावा, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

(४)

हें केवळ ग्रंथांतलेंच नव्हे, याची साक्ष पश्चिम महाराष्ट्रांतील लेणीं देतात. कान्हेरीच्या दानलेखांत लेणें व पाण्याची पोढी यांबरोबर 'आसनपेढिका', 'पीढ' आणि 'चंकम' म्हणजे फेऱ्या घालण्याची जागा, यांचीहि नोंद आढळते. आपल्या भाषेंतील सावकाराची 'पेढी' ही याच पेढिकेची वंशज. बसावयाची जागाच पुढें व्यवहाराची जागा झाली.

राखण्याच्या तत्त्वाचा हिशेबी पुरावा नाशिकचा आहे. नहपानाचा जांवई उषवदात याच्या तेथील लेखांत ४२ व्या वर्षीं तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिल्याचें सांगितलें आहे. दोन हजार गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका निकायाकडे दरमहा शेंकडा एक या वृद्धीनें ठेविले, व एक हजार दुसऱ्या निकायाकडे शेंकडा पाऊण या दरानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, वृद्धीच भोगावयाची. दोन हजारांची वर्षाची वृद्धि दोनशें चाळीस होते. आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे, म्हणजेहि दोनशें चाळीसच. हिशेब नेमका जुळतो. जुन्नरच्या लेखांतहि वेळूचें काम करणारे व कांसार यांच्या श्रेणींकडे अशा ठेवी ठेविल्याचे उल्लेख आहेत. नीवीचें मुद्दल व संघाची खाट यांचा न्याय एकच: उपभोग घ्यावा, मूळ मोडूं नये.

(५)

येथें कोणी म्हणेल कीं, खाट देण्याची चाल वैदिक परंपरेंतहि आहे. ती आहेच. शय्यादान प्रसिद्ध आहे. गादी, उशी, पांघरूण, दिवा, छत्री व पादत्राणें यांसह खाट ब्राह्मणास द्यावयाची. तेराव्या शतकांतील यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्या चतुर्वर्गचिंतामणींत दानाचा एक सबंध खंडच आहे. निबंधकारांनीं सांगितलेलें 'सोपस्कर गृहदान' तर आपल्या विषयास अधिक जवळचें. उपस्कर म्हणजे संसाराचें साहित्य. तें घरांत मांडून मग घर द्यावयाचें, रिकामें नव्हे. उषवदातानेंहि प्रभासतीर्थीं आठ ब्राह्मणांचे विवाह करून दिल्याचें आपल्या लेखांत नमूद केलें आहे. तेंहि संसार उभे करण्याचेंच दान होय.

मात्र एक भेद ध्यानांत घ्यावा. गाय, घर व शय्या हीं अनेकांस मिळून देऊं नयेत, असा निबंधकारांचा दंडक आहे. दान वांटणींत मोडूं नये म्हणून एका परंपरेनें तें एकासच द्यावयास सांगितलें. दुसरीनें तें सर्वांचें केलें व कोणासहि मोडूं दिलें नाहीं. भय दोघींसहि एकच होतें, उपाय दोन. कालांतरानें शय्यादान बहुतांशीं मृताच्या अकराव्या-बाराव्या दिवसाचा विधि होऊन बसलें. देणाऱ्याची दृष्टि परलोकाकडे लागली, आणि घेणाऱ्यास खाटेची गरज आहे कीं नाहीं हा प्रश्न मागें पडला.

(६)

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला व पवनीसह कांठच्या अनेक गांवांत पाणी शिरलें. अशा वेळीं धान्य लोटतें, कपडे येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु पाणी ओसरल्यावर घरांत जी ओल राहते तिच्यांत म्हातारें माणूस व बाळंतीण कशावर निजणार, हा विचार शिधा वांटून झाल्यावर कोणाच्या मनांत फारसा येत नाहीं. गादी भिजून गेलेली, बाजेची सुंभें कुजलेलीं; पोट भरलें तरी पाठ उपाशीच राहते. ज्या गांवाच्या वेशीवर दोन हजार वर्षांपूर्वीं दान कोरलें गेलें, त्या गांवास हा विचार नवा वाटूं नये.

असें कार्य कोणी हातीं घेईल तर त्यास जुन्या विनयांतून तीन गोष्टी घेतां येतील: खाट उत्तम नसली तरी अंग न दुखविणारी असावी, ती कोणाकडे आहे याचा जाब एका नेमलेल्या माणसाकडे असावा, आणि एका घराची गरज सरल्यावर ती दुसऱ्या घरीं जावी. चौथी गोष्ट नियमांत नाहीं, दब्बाच्या कथेंत आहे: वांटणाऱ्यावर येणाऱ्या आरोपाची चौकशी करावी, पण ती होण्यापूर्वीं त्यास दोषी ठरवूं नये.

जगन्नाथ टेकडीवरच्या त्या शिलांनीं कोणाची झोप झाली नाहीं. ज्या खाटांवर ती झाली त्यांचें नांवहि उरलें नाहीं. दोन्ही दानेंच होतीं. इतिहासानें पहिल्याची नोंद केली आहे. दुसऱ्याचें स्मरण ठेवणें हें आपलें काम आहे.