भिंती नव्या, गल्ली जुनी

मेळघाटचा इतिहास म्हटला की बोट गाविलगडाकडे जातं. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो जिंकला. सपाटीवर उतरलं की अमरावतीचा परकोट दाखवतात. पेंढाऱ्यांच्या धास्तीनं, सावकारांच्या पेढ्या राखायला निजामाच्या अमलात १८०७ मध्ये त्याचं काम सुरू झालं. त्याचा भुसारी दरवाजा आज जवाहर दरवाजा म्हणून ओळखला जातो. या यादीत मेळघाटातलीच धारणी कुठंच नसते. इथं ना परकोट ना गड, मग धारणी तालुक्यातल्या गावांना सांगण्यासारखा भूतकाळ नाही, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतक चुकीचं आहे, कारण ते इमारतीचं वय आणि रस्त्याचं वय यांत घोळ करतं. इंग्लंडमधल्या चेस्टर शहरात काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची घरं पाहायला जग लोटतं. त्यांतली बरीचशी एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीवर नव्यानं बांधलेली आहेत. खरं जुनं आहे ते पायाखाली: शहराचे मुख्य रस्ते आजही पहिल्या शतकातल्या रोमन छावणीच्या आखणीवरून जातात. घरं अनेकदा पडली आणि उठली, रेषा मात्र राहिली.

मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या गावाची गोष्ट याच जातीची आहे. मधोमध रुंद, सरळ गल्ली आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या दोन लांब रांगा, ही त्याची जुनी ठेवण. घर सागाच्या खांबांवर उभं. भिंती बांबूच्या ताट्यांच्या, दोन्ही अंगांनी शेणामातीनं लिंपलेल्या. वर गवत किंवा कवेलू. बांबूला कीड लागते, पावसाची झड लिंपण धुऊन नेते, म्हणून ताटी काही वर्षांनी बदलावीच लागते. त्यामुळं या घरात शंभर वर्षांची भिंत शोधणं व्यर्थ आहे. पण नवी ताटी जुन्याच रांगेत बसते. गल्लीची रुंदीही उगाच नाही. होळीला, लग्नाला सारं गाव नाचतं ते याच पट्ट्यात, आणि कोण कोणाच्या दारात बसलंय हे दोन्ही रांगांना दिसतं.

यावर कोणी म्हणेल, ही गावं एका जागी होती कुठं? फिरती शेती करणाऱ्यांची वस्ती हलायचीच. १८६६ पासून इथलं जंगल राखीव होऊ लागलं, तेव्हा कुठं तिला हद्दी पडल्या. आक्षेप खरा आहे. पण त्यानं माझा मुद्दा पडत नाही, फक्त थोडा सरकतो. वस्ती हलली तरी नव्या जागी त्याच दोन रांगा पडत असतील, तर टिकलेली गोष्ट जमिनीचा तुकडा नसून आखणी आहे, आणि तीही कागदाविना चालत आलेली. खुद्द धारणीची बाजारपेठ निराळी आहे. ती परतवाडा-बऱ्हाणपूर रस्त्याच्या कडेनं वाढली. तहसील, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि दवाखान्यानं तिला आकार दिला. तिची दुकानंही समोरासमोरच आहेत, पण मधून एसटी आणि ट्रक जातात. ती गल्ली नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. दर वर्षी लिंपायचं कोणी? बाईनंच ना? शहरातल्या माणसानं कुडाच्या घराचं कौतुक करावं आणि त्यात दुसऱ्यानं राहावं, हा फाजीलपणा झाला. सिमेंटचं घर हवं असणं रास्त आहे. इंदिरा आवासपासून शबरी घरकुल आणि प्रधानमंत्री आवासपर्यंतच्या योजनांनी ते दिलं, हेही बरंच झालं. मात्र पंचवीस चौरस मीटरचं घरकुल जिथं जागा सापडेल तिथं, कधी डांबरी सडकेकडे तोंड करून, उभं राहतं तेव्हा रांग तुटते. तेच घर त्याच विटांचं, पण जुन्या ओळीत बसवायला काही फार खर्च येत नाही. अडतं ते एवढ्यावरच की आराखड्यात घर मोजलं जातं, दोन घरांसमोरचं मोकळं अंतर मोजलं जात नाही. व्याघ्र प्रकल्पातून कोहा, बोरी, कुंड ही गावं अकोट तालुक्यात हलली, तेव्हाही हिशेब माणसांचा, घरांचा आणि जमिनीचाच होता.

२०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होते आणि घराघराला मिळकत पत्रिका मिळते. कोरकू गावाच्या नकाशात मधला पट्टा नुसता ‘रस्ता’ म्हणून पडला, तर उद्या त्यावर नाली, पाण्याची टाकी, समाजमंदिर काहीही बसेल. तो पूर्ण रुंदीनं, गावाच्या वापराची जागा म्हणून नोंदवायचा का, हे मोजणीच्या दिवशी गावानं आणि ग्रामसभेनं भूमापकासमोर सांगायला हवं.