‘काय द्यायचे ते द्या’

मोटार दुरुस्त करून झाली की आपण मजुरी विचारतो, आणि बाहेरच्या बाहेर काम करणारा ओळखीचा मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणतो, “काय द्यायचे ते द्या.” ऐकायला हे चार शब्द मोठे गोड! त्यांत शेजारधर्म आहे, भिडस्तपणा आहे आणि थोडा धूर्तपणाही आहे. परंतु ज्यांच्यापायी मोठमोठ्या कायदेपंडितांनी आपली लेखणी झिजवली, असे दोन प्रश्न त्यांच्या पोटात दडलेले आहेत. दर ठरला नसेल तर मजुरी किती? आणि केलेले काम बिघडले तर भुर्दंड कोणी सोसायचा? मी वकील नव्हे, शाळामास्तर आहे. तेव्हा या प्रश्नांचा निवाडा करण्यापेक्षा त्यांची कुळकथा सांगणे हेच मला जमण्यासारखे आहे.

मोटार सव्वाशे-दीडशे वर्षांची. पण दुरुस्ती माणसाइतकी जुनी. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी आपले कायदे काळ्या दगडावर कोरून घेतले. १९०१ साली तो दगड इराणातील सुसा येथे सापडला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात नावाड्यांच्या कारागिराचा दर आहे : साठ गुर मापाची नाव बांधून सांधली की दोन शेकेल चांदी. लगेच पुढच्या कलमात जोखीम आहे. काम कच्चे राहिले आणि त्याच वर्षात नाव बिघडली, तर कारागिराने ती स्वतःच्या खर्चाने खोलून पुन्हा पक्की करून द्यायची. आजच्या छापील पावतीवरची एक वर्षाची हमी ती हीच! घर बांधणाऱ्या गवंड्याची गत मात्र भयंकर होती. घर कोसळून मालक मेला तर गवंड्याला देहान्त. एवढी कठोर शिक्षा आज आपल्याला रानटी वाटते. तथापि, मजुरी आणि जोखीम ही जुळी भावंडे आहेत, एकीला घरात घेऊन दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाही, हे त्या राजाने ओळखले होते यात शंका नाही.

आता रोमकडे वळू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गायस हा कायद्याचा शिक्षक. त्याने आपल्या पाठ्यपुस्तकात एक प्रश्न घातला आहे : परटाकडे कपडे धुण्यास दिले किंवा शिंप्याकडे सांधण्यास दिले, दर काहीच ठरवला नाही, मागाहून दोघांच्या संमतीने जे ठरेल ते देऊ म्हटले, तर याला मजुरीचा करार म्हणायचे की नाही? वाचकहो, ‘काय द्यायचे ते द्या’ म्हणतात ते याहून निराळे काय? गायसाने तो प्रश्न वादाचा म्हणूनच नोंदवला आहे.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र रोमन पंडित अधिक स्पष्ट होते. परटाकडे दिलेले कपडे उंदरांनी कुरतडले, तर परीट जबाबदार. कारण उंदरांपासून जपणे हे त्याचेच काम. जडावाच्या कामात खडा फुटला तर आधी पाहायचे की दोष खड्यात होता की हातात. खड्यातच दोष असेल तर कारागीर सुटला. अनाडीपणाने फुटला असेल तर अडकला. अंगात कसब नसताना काम हाती घेणे हाच अपराध, असे त्यांचे सूत्र होते. माल कोणाचा, हात कोणाचा, हा भेद आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्रात कारागिरांपासून लोकांचे रक्षण कसे करावे यासाठी एक प्रकरणच खर्ची घातले आहे. कामाची जागा, वेळ आणि स्वरूप आधी ठरवून घ्यावे. वेळ टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि वर दंड करावा. सांगितले एक आणि केले भलतेच, तर मजुरी बुडाली. परटाने गुळगुळीत दगडावर किंवा लाकडी फळीवरच कपडे धुवावेत. नाहीतर फाटल्याची भरपाई आणि सहा पण दंड. आणि दर ठरलाच नसेल तर? गायसाला अडखळायला लावणाऱ्या प्रश्नाला कौटिल्याने सरळ उत्तर दिले आहे : त्या धंद्यातील इतर लोक जे घेतात ते द्यावे, किंवा जाणकार ठरवतील ते द्यावे.

आमच्या खेड्यापाड्यांतून तर एकेका कामाचा दरच नव्हता. नांगराचा फाळ शेवटून देणे, गाडीचे चाक सांधून देणे हे सुतार-लोहारांचे वर्षाचे काम; सुगीला खळ्यावर त्यांचे बलुते मिळे. फाळ पुन्हा मोडला तर पुन्हा लोहाराच्याच दारी जायचे. तेथे पावती नव्हती. पण वर्षानुवर्षे एकमेकांची तोंडे पाहायची होती, आणि तीच मोठी हमी होती. मात्र बलुत्याचे माप बहुधा खळ्याच्या मालकाच्या हाती असे, हेही विसरून चालणार नाही. ‘काय द्यायचे ते द्या’ म्हणणाऱ्याच्या मागे लाचारीही उभी असू शकते.

फुकट केलेल्या कामाची जबाबदारी असते काय? १७०३ साली इंग्लंडात हा प्रश्न निघाला. एकाने दुसऱ्याची ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात हलवून देण्याचे पत्करले. हलगर्जीपणाने पिंप फुटले आणि ब्रँडी वाहून गेली. मोबदला ठरलेला नव्हता. तरी सरन्यायाधीश होल्ट यांनी निर्णय दिला की काम अंगावर घेतले म्हणजे ते काळजीने करणे आलेच. या विषयावर १७८१ साली सर विल्यम जोन्स यांनी एक निबंध लिहिला. हेच ते जोन्स, जे १७८३ साली कलकत्त्याला न्यायाधीश होऊन आले आणि ज्यांनी शाकुंतल इंग्रजीत नेले. फायदा कोणाचा, यावरून काळजीच्या पायऱ्या त्यांनी पाडल्या होत्या. १८७२ च्या आपल्या करारकायद्याने मात्र त्या पायऱ्या काढून टाकल्या. वस्तू विश्वासाने ताब्यात आली की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूला जपतो तेवढे जपले पाहिजे, असा एकच दंडक त्याने घातला. उलट, फुकट करण्याचा हेतू नसताना रीतसर केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला दिला पाहिजे. आणि तसा वेगळा करार नसेल तर ठरलेले काम पुरे करणाऱ्याला हक्काची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे कायदा मिस्त्रीचा वैरी नाही.

मुंबईत या धंद्याचे खरे विद्यापीठ रस्त्याकडेलाच भरले. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याची पद्मिनी बहुतेक मिस्त्रींना तोंडपाठ असे. त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीचा परवान्याचा काळही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. नवा सुटा भाग महाग, म्हणून भंगारातला आणून बसवायचा, ही रीत त्याच काळात रुळली. भांडणे होतात ती येथेच.

आमच्या वाडीतले एक उदाहरण सांगतो. एका वर्कशॉपात फिटर असलेला तरुण रविवारी शेजाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करी. एकाने भंगारातून पाण्याचा पंप आणला. याने तो बसवून दिला. महिन्याभराने घाटात इंजिन तापले आणि हेडचे गॅस्केट जळले. मालक म्हणाला, “पैसे घेतलेस, आता भर.” फिटर म्हणाला, “पंप तुमचा, मी फक्त हात लावला.” दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. अखेर दोघांना मान्य असलेल्या एका वृद्ध मिस्त्रीने पंप उघडून पाहिला. दांडी मुळातच झिजलेली होती. बसवण्यात चूक नव्हती. “पण झिजलेली दांडी तुला दिसली होती ना? मग बोलला का नाहीस?” या प्रश्नावर फिटर गप्प राहिला. खर्च अर्धा-अर्धा वाटला गेला. त्या मिस्त्रीने गायस वा कौटिल्य वाचलेला नव्हता. परंतु मालाचा दोष, हाताचा दोष आणि जाणकाराचा निवाडा हे तिन्ही त्याच्या एका वाक्यात आले होते.

येथवर गोष्ट दोघांची झाली. मोटारीच्या बाबतीत तिसरा माणूसही असतो : रस्त्याने चालणारा, ज्याने दरही ठरवला नाही आणि कामही सांगितले नाही. १९३२ साली इंग्लंडच्या लॉर्डसभेने स्कॉटलंडातील एका पेयाच्या बाटलीतील गोगलगायीच्या खटल्यात सांगितले की, आपल्या हयगयीने ज्याला इजा होणे उघड आहे, त्याच्याशी करार नसला तरी त्याच्याविषयी जबाबदारी असते. १९५८ सालचा आणखी एक इंग्रजी खटला फार बोधप्रद आहे. एका गृहस्थाने स्वतःच्या दाराची मूठ पाऊण इंची स्क्रूंनी बसवली होती. ती निसटून मासे पोचवायला आलेला माणूस पडला. न्यायालय म्हणाले, अशा कामात बऱ्यापैकी निष्णात सुताराइतकी काळजी हवी. व्यावसायिक कंत्राटदाराचे माप येथे लावू नये. गृहस्थ सुटला. पण दाराच्या मुठीला जे माप, ते ब्रेकला कसे पुरेल? जितका धोका मोठा, तितकी काळजी मोठी.

म्हणूनच स्वस्त मजुरीचे गणित नीट मांडून पाहावे. गॅरेजवाला जास्त घेतो तेव्हा त्यात जागेचे भाडे, हत्यारांची झीज आणि काम परत आले तर ते पुन्हा करून देण्याची तजवीज असते. रविवारचा फिटर कमी घेतो, कारण ही तजवीज त्याने धरलेलीच नसते. ती जोखीम नाहीशी झालेली नसते. ती नुसती बिनहिशेबी पडून असते. अपघात झाला की एका गरीब घराच्या डोक्यावर ती एकदम कोसळते. पैसे कमी घेतले म्हणून जबाबदारी कमी होत नाही, आणि पैसे दिले म्हणून मालकाने आणलेला कुजका माल नवा होत नाही.

उपाय फार अवघड नाही. काम काय, मजुरी किती, सामान कोणाचे, हे आधी बोलावे आणि कागदाच्या चिटोऱ्यावर का होईना लिहावे. काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. दोष दिसला तर बोलून दाखवावा. ब्रेक आणि स्टिअरिंग हे ज्याला येत नाही त्याने शेजाऱ्याच्या आग्रहाखातरही हाती घेऊ नये, आणि शेजाऱ्यानेही चार पैसे वाचवण्यासाठी आग्रह करू नये.

दसऱ्याला आपण पाना-पक्कडीला हळदकुंकू वाहतो, मोटारीला झेंडूचा हार घालतो. हत्याराची पूजा करतो, तशी ते धरणाऱ्या हाताचीही बूज राखायला हवी. आणि ती राखायची तर त्याची मजुरी काम सुरू होण्यापूर्वीच, तोंड उघडून ठरवावी. मिस्त्रीने ‘काय द्यायचे ते द्या’ म्हटले, तर हसून म्हणावे : “नाही बाबा, किती ते आधी सांग.”